सीताफळाच्या बिया

लेकीला साडूंच्या मांडीवरून उठवायला मी अख्खं सीताफळ तिच्या हातात दिलं, तिथंच चुकलो.

काल शहागंजच्या बाजारात पिकल्या सीताफळांचा वास आला आणि दिवाळीच्या सुट्टीतली वेरूळची ती सहल आठवली. मुक्ता तेव्हा दोन वर्षांची. लेणी बघितली माझ्या खांद्यावर बसून, आणि झाडाखाली डबे उघडले तर बाईसाहेब साडूंच्या मांडीवर! मी नुसता धुमसत होतो. शेवटी रस्त्यावरून सगळ्यात मोठं सीताफळ आणलं. ते बघून ती दुडुदुडु माझ्याकडं आली. मी ऐटीत साडूंकडं बघितलं. तिनं फळ पोटाशी धरलं, वळली आणि थेट त्यांच्या हातात दिलं.

"काका, तू भलव."

साडू एकेक बी काढून तिला गर भरवत राहिले. यांनी लेक पळवली, असं मला वाटलं. आज कळतं, त्यांनी फक्त बिया काढल्या होत्या. तरी जळायचा मी जळतोच.

म्हणून काल तासभर बसून बिया काढल्या आणि गराची वाटी मुक्तासमोर ठेवली. बायको म्हणाली, "पोरगी नोकरीला लागली, आता बिया काढता व्हय?"