मूठभर तांदूळ आणि गुरुवारची प्रार्थना

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकांना नाही. देवाला? — त्याला काय सांगायचं, तो तिथंच होता की.

मग आताच का, असं तुम्ही विचाराल. मलाही नीटसं ठाऊक नाही. गेल्या रविवारी चर्चच्या पायरीवर एका नव्या सुनेनं माझा हात धरला. म्हणाली, अम्मा, माझ्यासाठी प्रार्थना करा, तुमची प्रार्थना ऐकली जाते असं सगळ्याजणी सांगतात. मी हात सोडवून घेतला — झटक्यानंच घेतला. पोर बिचारी गोरीमोरी झाली.

ऐकली जाते! हो, ऐकली गेली बाई. एकदा तर अशी ऐकली गेली की एका घराचा चुरा झाला.

थांबा, नीट सांगते. मी मूळची नगरकडची. घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, बापानं नाव ठेवलं एस्तेर. नवरा कंपाउंडर. त्यांना तंजावरला एका मिशनच्या दवाखान्यात जागा मिळाली, तेव्हा स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली होती. आले तेव्हा तमिळ मला ओ की ठो कळत नव्हतं. भाजीवाली हसायची, दूधवाला हसायचा, त्याचं काही नाही. पण चर्चमधल्या बायका हसायच्या, ते लागायचं.

दर गुरुवारी दुपारी पाळकीणबाईंच्या घरी बायकांची प्रार्थनासभा भरायची. चटईवर गोल बसायचं, डोळे मिटायचे आणि एकीमागून एकीनं मोठ्यानं प्रार्थना करायची. पुस्तकातली नाही, मनातली. कुणी रंगात आली की बाकीच्या ‘स्तोत्रम्, स्तोत्रम्’ म्हणून साथ द्यायच्या, डोळ्यांना पदर लावायच्या. माझी पाळी आली की मी पाठ केलेली चार वाक्यं म्हणायची आणि गप्प व्हायची. मग कुणीतरी खोकायचं. त्या खोकल्याचा अर्थ मला तमिळ येत नसतानाही कळायचा.

प्रार्थनेत कसली आलीय चढाओढ? असते हो. तुम्ही कधी अशा चटईवर बसला नसाल तर सुखी आहात.

अशात अंबूअक्का भेटली. राजवाड्याच्या मागच्या गल्लीतलं मराठी घर, हिंदू, चांगलं जुनं. नवरा कलेक्टर कचेरीत. तिचे डोळे आले होते म्हणून दवाखान्यात आली. मी मागं आमच्या खोलीत तांदूळ निवडत मराठी गाणं म्हणत होते, ते ऐकून दाराशीच उभी राहिली. म्हणाली, “हे आमच्या भाषेत आहे की!” तिची मराठी ऐकून मीही चाट पडले. ‘मज ठाऊक नाही’, ‘मज सांग’ — आमच्या उपासनेच्या गीतांतलं ते जुनं ‘मज’ ही बाई रोज मीठ-मिरची मागताना वापरत होती. तिला बाळबोध अक्षर मात्र वाचता येत नव्हतं, तमिळ तेवढं यायचं. तेव्हा मी बायबल वाचायची, ती ऐकायची. आधी गंमत म्हणून, मग ओढीनं. चार वर्षं ती येत राहिली. त्या गावात मला माणूस म्हणून ओळखणारं दुसरं होतंच कोण?

प्रार्थना करायला मी तिला शिकवलं, असं मी समजत होते. कसलं काय! तिची प्रार्थना ओळभराची असायची. “देवा, मी आले. काल खोटं बोलले, सासूशी. आज बोलणार नाही, बघ.” झालं. मी आपली डोळे मिटून पुढचं ऐकायला बसायची, आणि ही बया पदर सावरून उठलेली असायची.

इकडच्या ख्रिस्ती घरांतून एक रीत आहे. रोजचे तांदूळ मोजून घेताना बाई एक मूठ बाजूला काढते, त्यावर प्रार्थना करते, आणि साठलेले तांदूळ रविवारी चर्चला नेऊन देते. मी सहज बोलले असेन. अक्कानं ते सुरू केलं. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून, तांदळाच्या पिंपासमोर उभं राहून, मूठ हातात धरून डोळे मिटायची. ती मूठ एका पत्र्याच्या डब्यात. महिन्याकाठी डबा पदराखाली घालून माझ्याकडे आणायची आणि मी तो चर्चच्या पोत्यात रिकामा करायची. घरात कुणाला सुगावा नव्हता. तिनं माझ्याकडून एकच वचन घेतलं होतं. तिच्या लेकीचं, कमळाचं, लग्न कुंभकोणमच्या घरात ठरत आलं होतं. “कमळा सासरी जाईतो कुणापाशी बोलू नकोस. मग माझं मी यांना सांगेन, माझ्या तोंडानं.” तिला लपायचं नव्हतं हो. तिला फक्त तै महिन्यापर्यंतचे चार महिने हवे होते — पोंगलनंतरचा तो महिना इकडे लग्नांचा.

मी म्हटलं, अक्का, माझ्या तोंडून शब्द जायचा नाही.

आणि मग तो गुरुवार. नव्या पाळकीणबाई आल्या होत्या, पहिलीच सभा. प्रत्येकीनं आपली हुशारी पणाला लावलेली. माझी पाळी आली. तोवर माझं तमिळ बरं झालं होतं, पण चार वाक्यांपुढं जायला मला काही सापडतच नव्हतं. दोन वाक्यं झाली. कुणीतरी खोकलं.

त्या खोकल्यानं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, प्रभू, तुझी एक लेक या गावात आहे, जी उघडपणे तुझं नाव घेऊ शकत नाही. खोकला थांबला. मग मला थांबवेना. ती राजवाड्यामागच्या गल्लीत राहते. ती रोज पहाटे मुठीत तांदूळ धरून तुझ्यापुढं उभी राहते. तिच्या मुलीचं लग्न नीट पार पाड. स्तोत्रम्! स्तोत्रम्! बायका मुसमुसू लागल्या. नाव मी घेतलं नाही, हे मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला बजावत होते. नाव घ्यायचं राहिलं होतं काय? त्या गल्लीतून डोळ्यांच्या औषधाच्या निमित्तानं माझ्याकडे चार वर्षं येणारी बाई कोण, हे शेंबडं पोरही सांगेल.

आणि खरी गोष्ट अजून पुढंच आहे. बोलता बोलता मी एक डोळा किलकिला केला. कोण रडतंय ते बघायला. पाळकीणबाई रडत होत्या. मला इतका आनंद झाला — तसा आनंद मला प्रार्थनेत त्याआधी कधी झाला नव्हता. त्या क्षणी देव माझ्या ध्यानीमनीही नव्हता.

त्या गुरुवारी चटईवर रत्नम्माही होती, घरोघर बायबल वाचून दाखवणारी बायबलबाई; पंधरवड्याच्या आत ती, भोळी, भाबडी, अक्काच्या घरी पोचली. अभिनंदन करायला! ओसरीवर सासूपुढं म्हणाली, तुमच्या सुनेची तांदळाची मूठ देवाला पावली. सासूनं पिंपाआड हात घालून डबा काढला.

कुंभकोणमचं लग्न मोडलं. अक्काच्या नवऱ्यानं हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. त्यानं तिच्याशी बोलणंच टाकलं. सासूनं तिला स्वयंपाकघराचा उंबरा बंद केला. घरचे तांदूळ आता धाकटी जाऊ मोजायची. मी त्यांना नावं ठेवत नाही. ठरलेलं लग्न मोडलेल्या घरानं काय करायचं असतं? कमळाला दोन वर्षांनी पापनाशमला एका बिजवराला दिली. बसनं त्या गावावरून जाताना मी आजही डोळे मिटून घेते, आणि शेजारणीला वाटतं मी प्रार्थना करतेय.

लग्न मोडल्यावर एकदाच अक्का आली. भर दुपारी. पदराखाली तोच डबा होता, शेवटच्या मुठींचा. खाली बसली नाही. म्हणाली, “एस्तेर, मुठीचं कुणाला बोललीस?”

मी म्हटलं, नाही अक्का, कुणालाच नाही. मनात म्हणत होते, मी कुठं सांगितलं, मी तर प्रार्थना केली! असं मन असतं बघा, स्वतःच वकील आणि स्वतःच न्यायाधीश. आम्ही लोक शपथ घेत नाही, म्हणून तिनं शपथ मागितली नाही. तेवढ्यावरही मी थांबले नाही. म्हटलं, ती रत्नम्मा घरोघर भोचकपणा करत फिरते, तिनंच कधी खिडकीतून पाहिलं असेल. रत्नम्माला पुन्हा त्या गल्लीत कुणी पाऊल टाकू दिलं नाही. ती मेली तेव्हा तिच्या पेटीपाशी मीच प्रार्थना केली. सुंदर केली, असं सगळे म्हणाले.

पुढं तर माझं नावच झालं. कुणाचं बाळंतपण, कुणाची परीक्षा — एस्तेर अम्माला बोलवा. गुरुवारी आता मला शेवटची पाळी देतात, मानाची. प्रभुभोजनाच्या वेळी पाळक वाचतात ना, ज्या रात्री येशूला धरून देण्यात आलं — तिथं मी प्याल्याकडे बघत नाही, माझ्या चपलांकडे बघते.

पण ती दुपार राहिलीच. माझं खोटं अक्कानं ऐकून घेतलं. मुठीची गोष्ट या जगात दोघींनाच ठाऊक होती, एक तिला आणि एक मला. हे मला तेव्हा सुचलं नाही, असं मी म्हणू? सुचलं होतं. तिनं डबा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, “चल, प्रार्थना करू.” चार वर्षांत ती नेहमी मलाच म्हणायची, आधी तू कर. त्या दिवशी तिनंच आधी डोळे मिटले.

“देवा, मी आले. जिनं सांगितलं तिच्यावर मज फार राग आलाय. तो तू काढून घे, मजकडून होत नाही. तिला सांभाळ. परक्या गावात तिला माझ्यावाचून कोणी नाही.”

मग ती थांबली. माझ्यासाठी थांबली होती.

मी आमेन म्हटलं. मोठ्यानं, स्पष्ट म्हटलं. ती निघून गेली, आणि रविवारी मी तिचे तांदूळ पोत्यात ओतले, तेव्हा पाळकीणबाईंनी विचारलं, हे तुझे का? मी हो म्हटलं.