जाळ्यावरचे तुंबे

पन्नास-पंचावन्न सालच्या सुमारास चिमूरकडच्या आमच्या गावी जत्रा भरली, की आम्ही मासेमार ढिवर लोक तलावावर डोंगे भाड्यानं फिरवत असू. पाण्यात मासे धरायची जाळी लावलेली असत. वर तरंगणारे वाळल्या भोपळ्याचे तुंबे दिसले, की डोंगा वळवायचा, एवढाच नियम.

माझ्या चुलतभावाच्या डोंग्यासाठी बाया काठावर थांबून राहत. मी बोलावलं की म्हणत, "नाई बापा, तुह्या डोंग्यात पोटातलं पाणी हालते!" मीही हसायचो, पण आतून जळायचो.

एका पहाटे मी एका जाळ्याचे तुंबे सोडून वीस हात दूर बांधले. दुपारी त्याचा भरला डोंगा जाळ्यात घुसला. जाळं फाटलं.

"काऊन बे, डोळे फुटले का तुहे?" जाळंवाले काका ओरडले.

"तुंबे तिथी नोव्हते, काका." मग तो माझ्याकडे वळला. "तू मागंच होता. सांग ना."

"मले नाई माहीत," मी म्हणालो.

त्याचा डोंगा जत्राभर बंद झाला. दुसऱ्या दिवशी त्याच बाया माझ्या डोंग्यात बसल्या. तो काठावर फाटलं जाळं विणत बसला होता. मला पाहून ओरडला, "जपून रे, उजव्या अंगाले जाळं हाय!"

मी डोंगा वळवला. त्याच्याकडे पाहायची हिंमत झाली नाही, आणि तो होता तोवर सांगायचीही नाही.