आबांच्या हौदाचं पाणी

बनसोडे आबांना कुणाच्याही घरी पाणी दिलं, तर ते लगेच पीत नसत. तांब्यातलं थोडं पाणी तळहातावर घ्यायचे, जिभेचं टोक लावायचे, डोळे बारीक करायचे आणि मग जाहीर करायचे, "बोअरचं हाय. वरून तुरटी फिरवलीय, जरा जास्तच." घरच्या बाईचा चेहरा उतरायचा. येडशीला माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हाही त्यांनी भर बैठकीत "टाकी धुतलेली न्हाय" असं सांगून टाकलं. लग्न जमलं, पण माझ्या सासूबाई ते वाक्य मरेपर्यंत विसरल्या नाहीत.

आबा आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि मी लॅबमध्ये त्यांच्या हाताखाली होतो. बॉयलरला जाणारं पाणी तपासणं हे आमचं रोजचं काम. मी नुसतं "पाणी ठीक आहे, आबा" म्हटलं की ते चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "चाखून सांगतोस का ऐकून?" बॉयलरचं पाणी कोण चाखणार? पण स्वतः तपासल्याशिवाय तोंड उघडू नये, एवढाच त्याचा अर्थ होता. देवळाचा भोंगा असो, पुढाऱ्याचं भाषण असो की माझ्या बायकोची तक्रार, त्यांचा प्रश्न तोच असायचा. कधीकधी फार राग यायचा त्यांचा.

ही सवय कुठून आली, ते त्यांनी एकदाच सांगितलं. आम्ही दोघेही बौद्ध. छप्पन्न साली घरातले देव गेले, नावं बदलली, गावची विहीर मात्र त्यानंतरही लवकर बदलली नाही. "माझा बाप विहिरीच्या कडंला वाट बघत बसायचा," आबा म्हणाले, "कुणी वरून ओतलं तर वंजळ पुढं करायची. गढूळ का नितळ, इचारायची सोय न्हवती. म्या ठरवलं, पाणी आपल्या हातानं घ्यायचं, अन् चाखून घ्यायचं."

बेंबळीच्या पुढं त्यांचं गाव. नाव लिहीत नाही, अजून तिथं जाणं-येणं आहे. गावाबाहेर माळावर त्यांनी घर बांधलं होतं आणि घरामागं हौद. पोहण्याचा हौद! आमच्या भागात चेअरमनच्या बंगल्यावरही तसला हौद नव्हता. लोक हसायचे, "केमिस्ट सायबानं समिंदर आणलाय घरी." आणि ते फारसं खोटंही नव्हतं, कारण त्यांच्या बोअरचं पाणी मुळातच मचूळ होतं.

हौद सुजातासाठी होता. आबांची एकुलती एक मुलगी. आई लवकर गेलेली आणि लहानपणीच पोलिओनं दोन्ही पाय लुळे पडलेले. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "हिला रोज पाण्यात उभी करा. पाण्यात पाय हलके होतात. जोर आला तर कॅलिपर लावून चालेल. पण खंड पडू देऊ नका, या वयात गेलेलं परत येत नाही." आबांनी त्या एका 'तर'वर हौद बांधला. सुजाता छातीएवढ्या पाण्यात, आडव्या बांबूला धरून उभी राहायची. एक दिवस तिनं बांबू सोडला आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेली. आबा काठावरून मला म्हणाले, "बघितलंस ना? तूच सांग, म्या सांगितलं तर लोक म्हणतील बापाची माया."

ते पाणी सांभाळणं म्हणजे आबांचा दुसरा संसार होता. रोज सकाळी काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळा रंग किती चढतो ते बघायचं. रंग फिका आला की ब्लिचिंग पावडर कमी पडली, पाण्याला हिरवट बुळबुळ धरणार आणि सुजाताच्या पायांना फोड येणार. रंग गडद आला की तिचे डोळे लाल होणार. गाळ बसवायला तुरटी घालावी तर पाणी आंबट व्हायचं, मग चुन्याची निवळी घालायची, पुन्हा लिटमसचा कागद बुडवायचा. पावडर उन्हात उडून जायची म्हणून दिवस मावळल्यावरच टाकायची आणि वेळूनं ढवळत बसायचं. सुजाता वैतागून म्हणायची, "आबा, माझ्यापेक्षा ह्या पाण्याचीच तब्येत जास्त बघताय तुम्ही."

आणि मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. ऊस वाळला, कारखान्याचा हंगाम सुरू होता होताच संपला. लॅबमध्ये आम्ही माशा मारत बसायचो. आबांच्या बोअरला कसंबसं बादलीभर पाणी यायचं, तेही आधीपेक्षा खारट. हौदातलं पाणी बदलणं शक्यच नव्हतं. ऊन रोज थोडं पाणी उडवायचं आणि आबा वरून थोडं मचूळ पाणी घालायचे. त्यांच्या लॅबमधल्या हुशारीनं बाकी सगळं जागेवर यायचं, एक सोडून. नळीतला मिठाचा अंदाज मला दाखवत ते म्हणाले, "पाणी उडतंय अन् मीठ बसून राहतंय. आंबटाला चुना हाय, गढूळाला तुरटी हाय. मिठाला काय न्हाय. पाणी फेकून नवं भरणं, एवढंच." तरी रोज नळी धरायचे. पाऊस पडेपर्यंत हे पाणी टिकवायचं, एवढी एकच आशा होती.

एका दुपारी मी तिथंच होतो. सुजाता हौदात होती. सरपंच दहा-बारा माणसं घेऊन आले, मागं कुंपणापाशी गुरं. गुरांच्या बरगड्या बघवत नव्हत्या. सरपंच म्हणाले, "बनसोडे, तुमी हौद भरून ठेवलाय अन् आमची जनावरं डोळ्यादेखत मरायलीत. सोडा पाणी."

"सरपंच, देतो म्हणलो असतो," आबा म्हणाले. "पण हे पिण्याचं पाणी न्हाय. मीठ लई झालंय, वरून पावडर. जनावराला जुलाब लागतील."

"पोरीला चालतंय, अन् बैलाला न्हाय व्हय?"

"पोरगी त्यात हुबी राहते, पीत न्हाय."

मागून कुणीतरी बोललं, द्यायचं नसलं की पाणी खारट होतंच. तेव्हा आबांनी पेला भरला आणि पुढं केला. "चाखून बघा. एक थेंब. मग तुमी म्हणाल तसं."

पेला तसाच राहिला. सरपंचांनी शेजाऱ्याकडं बघितलं, शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याकडं. एक म्हणाला, "माझी दाढ ठणकायलीय." दुसरा म्हणाला, "मला आज उपास हाय." उपासाला पाणी चालत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. शेवटी मीच पेला घेतला, एक घोट तोंडात घेतला आणि थुंकून टाकला. "खारट आहे, सरपंच. खरंच." ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तुमचं काय, तुमी त्यांच्यातलेच."

मग आबांनी बादली भरून पहिल्या बैलापुढं नेली. मालकानं बैलाची वेसण ओढली. "बादली नगं. चारीत सोडा." सगळ्यांना कळलं. वाहत्या पाण्याला विटाळ लागत नाही, म्हणून ते जमिनीवरून वाहत आलेलं हवं होतं. आबांच्या भांड्यातलं नको, पण आबांचं पाणी हवं.

आबांनी बादली खाली ठेवली. हौदातून सुजाता म्हणाली, "सोडा, आबा. त्यांना पटू तरी द्या एकदा."

मी नको नको म्हणत होतो. आबांनी हौदाच्या भिंतीत तळाशी बाहेरून ठोकलेला, चिंध्या गुंडाळलेला लाकडी खुंटा ओढला. पाणी धारेनं चारीत पडलं. पहिल्या बैलानं तोंड घातलं, एक घोट घेतला, मान वर केली आणि मागं सरकला. दुसऱ्यानं नुसतं हुंगलं. म्हशीनं तर तोंडच फिरवलं. तेव्हा सरपंच म्हणाले, "खारटच हाय की रं."

बैलाची साक्ष चालली. आबांची नाही, माझी नाही.

आबा खुंटा परत बसवायला वाकले. पाण्याच्या जोरापुढं तो बसेना. त्यांनी तळहात लावला, मग टॉवेल कोंबला, काही उपयोग झाला नाही. सुजाता हौदाच्या मधोमध होती, बांबूपासून लांब. पाणी कमरेला आलं तोवर ती उभी होती. मांड्यांशी आलं तशी ती थरथरायला लागली. गुडघ्यांशी आलं आणि ती पाण्याबरोबर खाली बसली. मी उडी टाकून तिला उचललं. लोक गुरं हाकत गेले होते. चारीतलं पाणी माळानं कधीच पिऊन टाकलं होतं.

पाऊस पुढच्या वर्षी पडला. हौद पुन्हा भरला, आबांनी पुन्हा नळी धरली, पण सुजाताचे पाय आखडून गेले होते. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. नंतर कारखानाही बंद पडला. सुजाता हातानं चालणाऱ्या मशीनवर कपडे शिवायला लागली. सरपंच भेटले की आबांना नमस्कार करायचे, चांगलं बोलायचे. त्या दुपारचा विषय कुणी काढला नाही.

शेवटी आबांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं जड झालं आणि जिभेची चवच गेली. पाणी पाजायला गेलं की जुन्या सवयीनं जिभेचं टोक पुढं करायचे आणि मग काही कळेना म्हणून आमच्या तोंडाकडं बघत राहायचे. मला ते बघवायचं नाही. गेले त्या दिवशी मी तिथं होतो. सुजातानं खुर्चीवरून वाकून चमचा त्यांच्या ओठांशी नेला आणि म्हणाली, "घ्या आबा, गोड आहे."

त्यांनी तोंड मिटून घेतलं. तुटक तुटक विचारलं, "चाखून... का ऐकून?"

सुजातानं चमचा मागं घेतला, त्यातलं अर्धं पाणी स्वतः प्यायली आणि उरलेलं त्यांच्यापुढं धरलं. तेव्हा आबांनी तोंड उघडलं.