समोरच्या बाईची जाळी

नालासोपाऱ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. दहा बाय बाराचा गाळा, भिंती पांढऱ्या. रस्त्यापलीकडे एका बाईनं तेवढाच गाळा घेतला आणि काचेत पोर्ट्रेट लावली. चेहरा उजळलेला, मागे गर्द काळोख. माझ्या फोटोंत भिंत, पडद्याची चुणी, कधी स्विचबोर्डही यायचा. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून स्टँडवर लावला तरी उजेड चारी भिंतींवर आपटून परत यायचा. तेवढ्याच खोलीत हिला काळोख मिळतो कुठून? या विचारानं मला जेवण गोड लागेना.

स्वतः जाऊन विचारणं शक्य नव्हतं. मी नवऱ्याला पाठवलं. ते दिवसभर गास गावातल्या आमच्या वाडीत केळी आणि सोनचाफा बघतात, त्यांना ती ओळखत नव्हती.

"फोटो काढून या. फ्लॅशवर काय लावते ते नीट बघा."

"हेरगिरीच म्हन की," म्हणाले आणि इस्त्रीचा शर्ट घातला. माझ्यासमोर बसताना त्यांना कधी इस्त्री आठवली नव्हती.

परत येऊन म्हणाले, "काळी चकती आहे. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं."

म्हणजे ग्रिड. त्या जाळीतून उजेड सरळ जातो, बाजूला पसरत नाही. भिंतीवर पडलाच नाही, तर भिंत दिसणार कशी? मला हे माहीत होतं. नसते लाड म्हणून मी कधी घेतली नव्हती.

दोन दिवसांनी फोटो आला. इतकी वर्षं डीपीवर जास्वंद ठेवणाऱ्या माणसानं तो लगेच डीपीला लावला. फोटोत ते हसण्याच्या बेतात होते. माझ्या कॅमेऱ्यासमोर असं तोंड त्यांनी एकदाही केलेलं नाही.

विरारहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, दादाचा फोटो काय काढलायस!"

"हो का," एवढंच म्हटलं. कुणी काढला ते सांगितलं नाही.

मी जाळी मागवली आणि दुपारी दुकान बंद करून नवऱ्याला बसवलं. पहिल्या फोटोत नुसता कान उजळला. या उजेडाचा झोत अरुंद, स्टँड चार बोटं सरकला की चेहरा गेलाच.

"हलू नका. हनुवटी खाली. परत हललात."

शेवटी उजेड बसला. मागे काळोख, स्विचबोर्ड गायब. चेहरा मात्र रेशनकार्डावरचा.

"ती काय बोलत होती तुमच्याशी?"

"काय नाय. विहिरीला पानी किती, चाफा कधी लावला, असंच."

"आणि तुम्ही?"

"सांगत होतो. तू कधी विचारलंस?"

मग मी विचारलं. ते अर्धा तास विहिरीच्या मोटारपंपाबद्दल बोलले, मी फोटो काढत राहिले. एक बरा आला. त्यांच्या मोबाईलवरचा डीपी मीच बदलला.

दुसऱ्या दिवशी दुकानात असताना नणंदेचा फोन. "वहिनी, आधीचा का काढून टाकलास गं? तोच जास्त चांगला होता."

"तो माझा नव्हता. समोरच्या बाईनं काढलेला."

नणंद म्हणाली, "तिचा नंबर देतेस? पोरीचे स्थळांसाठी फोटो काढायचेत."

नंबर तिच्या पाटीवर आहे, माझ्या खुर्चीतून स्पष्ट दिसतो. वाचून दाखवला. शेवटचा आकडा चुकवावासा वाटला. चुकवला नाही.