अमेरिकन बाळंतीण

ऐंशीच्या दशकात मी एका अमेरिकन बाईला ब्रह्मपुरीत मोकळं सोडलं. बाई म्हणजे साप! केशरी, बिनविषारी, अंगावर माझ्या लग्नातल्या शालूसारखी नक्षी. आमचे हे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. परदेशाहून आलेल्या मित्राने ती काचेच्या पेटीत भेट दिली होती. (लोकांचे मित्र अत्तर आणतात!)

बुद्धपौर्णिमेला विहारात करुणेवर प्रवचन झालं. घरी आले, तर ती माझ्याकडे केविलवाणी टक लावून बसलेली. (सापाला पापण्याच नसतात, हे मला मागाहून कळलं.) मी पेटी उचलली, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर नेऊन उपडी केली, डोळे मिटून घराकडे धावले आणि सगळ्यांना खीर वाढली.

"पेटी रिकामी काऊन?" यांनी विचारलं.

"मुक्त केलं मी तिला!"

"अवं, पोटात अंडी हायेत तिच्या!"

"मग मोकळ्या हवेत होईल की बाळंतपण!"

यांनी डोकं धरलं. "बाहेरच्या जिवाले इथी वैरी नाई. जगली, तं एकीचे वीस, विसाचे दोनशे! बेडकं, पाखरांची अंडी सारं फस्त. मंग इथल्या धामणीनं काय खाव?"

सासूबाई चारोळ्या फोडत सगळं ऐकत होत्या.

दोन दिवस आम्ही बोडी पालथी घातली. मुक्तिदात्री मीच, हातात उशीचा अभ्रा घेऊन पुढे! तिसऱ्या सकाळी शेजारच्या रहीमाबी ओरडल्या, "भाभी, माह्या कोंबडीनं लांबट अंडे देल्ले!"

खुराड्यात कोंबडी चौदा अंड्यांवर ऐटीत बसलेली. मागे पेंढ्यात आमची बाळंतीण गाढ पहुडलेली. हिला अंड्यांसकट अभ्र्यात भरून यांनी घाबरत विचारलं, "चौदाच होते ना? एखादं गेलं नाई ना कुठी?"

"पंधरावं आमलेटसाठी घेतलं होतं," रहीमाबी म्हणाल्या. "लय चिवट! फुटूनच नाई राह्यलं. फेकून देल्लं चुलीत."

यांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मला पुन्हा करुणा आली. "अहो, गडचिरोलीकडे एवढं मोठं जंगल आहे. तिकडे सोडू या का हिला?"

सासूबाईंनी चारोळ्यांचं सूप खाली ठेवलं आणि लेकाला म्हणाल्या, "बाहेरची एक आणली होती आपण नाशकाहून. कोणी अडवलं नाई, तं पहिले माहं सैपाकघर गेलं, मंग कपाट गेलं, मंग पोरगाच गेला. आता दुसरी नोको!"