भिवापूरचं पाळणाघर आणि तारखांचा रकाना

भिवापूरचं पाळणाघर बंद पडलं ते माझ्या चुकीमुळे. चूक अजाणता झाली, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते निम्मंच खरं आहे. ती चूक जानेवारीत माझ्या लक्षात आली आणि त्यानंतर साडेतीन महिने मी गप्प राहिलो. त्या साडेतीन महिन्यांना अजाणता म्हणता येत नाही.

मी नागपुरात, महाल या जुन्या वस्तीतल्या एका लहान संस्थेत काम करतो. भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या, तीन संगणक, एक प्रिंटर. कष्टकरी बायकांच्या लहान मुलांसाठी संस्था पाळणाघरं चालवते. तेव्हा तीन होती. एक शहरात, एक बुटीबोरीला आणि एक भिवापूरला. भिवापूरला मिरचीचे सातरे आहेत. सातरा म्हणजे मोठं मोकळं आवार. तिथे वाळलेल्या मिरचीचे ढीग पडलेले असतात आणि बायका दिवसभर बसून देठ खुडतात. पूर्वी तान्ही मुलंही तिथेच असायची. आईच्या बोटांना मिरची, आणि तीच बोटं मुलाच्या डोळ्याला लागायची. म्हणून सातऱ्यापासून तीन मिनिटांच्या अंतरावर पाळणाघर काढलं होतं. आई दूध पाजायला आली की दारातच आधी हाताला तेल चोळायचं, मग साबण लावायचा, मगच आत यायचं. हा नियम तिथलं पाळणाघर सांभाळणाऱ्या ताईंनी घातला होता. नुसत्या पाण्याने मिरची जात नाही, हे मला त्यांच्याकडून कळलं.

ताई भिवापूरच्याच. वय चाळिशीच्या पुढे. त्यांच्या दोन्ही मुली सातऱ्यावरच वाढल्या होत्या. त्या हजेरीचं रजिस्टर हाताने लिहीत आणि महिन्याच्या शेवटी संस्थेने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर ते टाइप करून मला पाठवत. त्या लॅपटॉपवर फुकटात मिळणारं ऑफिसचं सॉफ्टवेअर होतं. ते मीच टाकलं होतं. महालातल्या माझ्या संगणकावर विकतचं होतं. दोन्ही सारखीच चालतात, असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचो. संस्थेत येण्याआधी मी चौदा वर्षं कॉम्प्युटरचे वर्ग घेतले होते, त्यामुळे मला कोणी उलट विचारत नसे.

आम्हाला अनुदान देणाऱ्या संस्थेने त्या वर्षी अहवालासाठी एक टूलकिट दिलं. म्हणजे दहाबारा फायलींचा एक फोल्डर. त्यात कामाचा आराखडा, मुलांच्या वजनाचे तक्ते, हजेरी, आणि शेवटी एक शीट. ही शीट बाकीच्या फायलींमधून आपोआप आकडे उचलायची आणि प्रत्येक केंद्राच्या नावापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दाखवायची. पहिल्या पानावर सूचना होत्या. ‘आधी हे वाचा’ असंच त्या पानाचं नाव होतं. मी ते वाचलं नाही. ज्यांना काही येत नाही त्यांच्यासाठी ते असेल, असं मला वाटलं.

जानेवारी ते जूनचा अहवाल जुलैत द्यायचा होता. शहर आणि बुटीबोरीची हजेरी आमच्याच ऑफिसात, तारखा आधीच भरलेल्या टूलकिटच्या तक्त्यात टाइप होत असे. ती दोन केंद्रं हिरवी आली. भिवापूरच्या फायलीतले रकाने मी उचलून टूलकिटमध्ये चिकटवले आणि भिवापूर लाल झालं. उघडून पाहिलं तर दर महिन्याच्या फक्त पहिल्या सहा तारखांना पाळणाघर उघडं दिसत होतं. जानेवारीत एक ते सहा, फेब्रुवारीत एक ते सहा, तसंच जूनपर्यंत. उरलेले दिवस शून्य. त्यातल्या काही तारखा रविवारच्या होत्या आणि रविवारी सातरा बंद असतो, तेही मला माहीत होतं. एवढं विचित्र चित्र समोर असताना मी संगणकावर संशय घेतला नाही. माणसावर घेतला.

ताईंना फोन लावला.

‘‘ताई, महिन्याला सहाच दिवस उघडता का?’’

‘‘काहून? कोण सांगून राहिलं असं?’’

‘‘कोणी सांगत नाही. तुम्ही पाठवलेल्या फायलीत दिसतंय.’’

‘‘फायलीत चुकलं असन सर. मले त्या लॅपटॉपचं तेवढं समजत नाही. रजिस्टर पाहून घ्या ना. आता फोटो काढून पाठवते.’’

अर्ध्या तासात फोनवर फोटो यायला लागले. रजिस्टरची पानं, एकामागून एक, सव्वीस. अहवाल पाच वाजेपर्यंत द्यायचा होता आणि साडेतीन झाले होते. मी एकही फोटो उघडला नाही. लाल रंगापुढे स्पष्टीकरणाचा रकाना होता. त्यात मी लिहिलं की स्थानिक कार्यकर्तीच्या नोंदी अनियमित आहेत आणि केंद्र पूर्ण दिवस चालत असल्याची खात्री देता येत नाही. वाक्य लिहून झाल्यावर मी ते एकदा वाचलं. चांगलं जबाबदार वाक्य आहे, असं मला वाटलं.

सप्टेंबरात उत्तर आलं. दोन केंद्रांचं अनुदान पुढे चालू, भिवापूरचं बंद. महिन्याला सहाच दिवस उघडं, असं कारण दिलं होतं, आणि त्या पत्राची प्रत भिवापूरच्या ग्रामपंचायतीलाही गेली. महिनाअखेरीला तिथल्या चटया, पाळणे आणि वजनकाटा टेम्पोने महालात आला. टेम्पोबरोबर ताई आल्या नाहीत. रजिस्टर तेवढं त्यांनी ठेवून घेतलं, असं ड्रायव्हरने सांगितलं.

पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्याने कळत गेलं. मुलं परत सातऱ्यावर गेली. ताई स्वतः तिथे देठ खुडायला बसू लागल्या. आणि गावात बोललं गेलं की ताईने महिन्यातून सहा दिवस दार उघडलं, बाकी दिवस घरी बसून पगार खाल्ला, म्हणून नागपूरवाल्यांनी बंद केलं. ज्या बायका रोज आपली मुलं तिथे सोडत होत्या, त्यांना हे खोटं आहे हे माहीत होतं. पण ज्यांची मुलं तिथे नव्हती त्यांनी कागदावर विश्वास ठेवला. कागद माझा होता.

जानेवारीत पुढच्या सहामाहीचा अहवाल द्यायची वेळ आली. मधल्या काळात बुटीबोरीच्या केंद्रालाही आम्ही लॅपटॉप दिला होता, तेच फुकटचं सॉफ्टवेअर टाकून. मी त्यांची फाइल उचलून चिकटवली आणि बुटीबोरी लाल झालं. या वेळी दर महिन्याच्या सात ते बारा तारखा भरलेल्या होत्या. जुलै ते डिसेंबर, म्हणजे सातवा ते बारावा महिना. आणि दिवसही सात ते बारा. बुटीबोरीला मी स्वतः महिन्यातून दोनदा जातो. ते रोज उघडं असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तेव्हा मी पहिलं पान वाचलं. चौथीच सूचना होती की बाहेरून आणलेली हजेरी चिकटवण्याआधी संगणकातली तारीख लिहिण्याची पद्धत तपासा. माझ्या संगणकावर आधी महिना, मग दिवस, अशी पद्धत होती. आपण आधी दिवस लिहितो. त्यामुळे ताईंनी ५/३ लिहिलं, म्हणजे पाच मार्च, तर माझ्याकडे त्याचा तीन मे व्हायचा. २०/३ लिहिलं तर विसावा महिनाच नसल्यामुळे ती तारीख मोजणीतून गळून जायची. ८/३ चा तीन ऑगस्ट व्हायचा आणि तो सहामाहीच्या बाहेर पडायचा. उरायच्या त्या फक्त सहा तारखा. मी पद्धत बदलली आणि बुटीबोरी हिरवं झालं. मग जुनी फाइल काढून भिवापूरचे रकाने परत चिकटवले. तेही हिरवं झालं. तिन्ही केंद्रांत सगळ्यात जास्त दिवस भिवापूरचे होते. ते सव्वीस फोटोही मी त्याच दिवशी उघडले. निळ्या शाईतली हजेरी, शेवटी मुलाला कोणी नेलं त्याची सही किंवा अंगठा. काही अंगठ्यांचे ठसे शाईच्या पॅडचे नव्हते, मिरचीच्या लालीचे होते.

दहा मिनिटांचं काम होतं. जुलैत माझ्याकडे दीड तास होता.

मी बुटीबोरीचा हिरवा अहवाल पाठवून दिला आणि भिवापूरची दुरुस्त फाइल वेगळ्या नावाने ठेवून दिली. अनुदान तर बंद झालंच आहे, आता सांगून काय होणार, असं एक कारण होतं. संस्थेचं नाव खराब होईल, हे दुसरं. तिसरं कारण मी मनातसुद्धा नीट उच्चारलं नाही. ऑफिसात मला सगळे जे समजतात, ते मी राहणार नव्हतो. फेब्रुवारी, मार्च गेला. मिरचीचा हंगाम भरात आला. मी रोज ऑफिसात जात होतो, प्रिंटरचा अडकलेला कागद काढून देत होतो, फाइल उघडत नाही म्हणून कोणी बोलावलं की उघडून देत होतो.

एप्रिलच्या शेवटी संस्थेच्या सचिव, ज्यांना आम्ही मॅडम म्हणतो, भिवापूरहून एका लग्नातून आल्या. जेवणाचा डबा उघडता उघडता म्हणाल्या, ‘‘तुमची ताई दिसली. लग्नात बायका तिच्या पंगतीला बसेनात. एक तर तोंडावर म्हणाली, सहा दिवसवाली आली. काय बाई ही पण. एवढं चांगलं केंद्र, घालवलं हातानं.’’

मी म्हणालो, ‘‘तिने नाही घालवलं.’’

मग मी संगणकावर भिवापूरच्या दोन्ही फायली, जुनी आणि दुरुस्त, शेजारी शेजारी उघडल्या. मॅडम निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा प्रश्न विचारले, आणि चष्मा काढला.

‘‘हे कधी कळलं तुम्हाला?’’

‘‘जानेवारीत.’’

‘‘आणि आज एप्रिल संपतोय.’’

‘‘हो. मॅडम, मला माफ करा.’’

‘‘मला कशाला? माझ्याशी कोणी पंगत मोडली नाही.’’ त्यांनी डबा झाकून बाजूला सारला. ‘‘आधी अनुदानवाल्यांना लिहा, माझ्या सहीने नाही, तुमच्या. आणि मग भिवापूरला जा. फोन करू नका. जा.’’

पत्र मी त्याच दुपारी लिहिलं. चार दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. सभ्य होतं. दुरुस्त अहवाल दप्तरात जोडून घेतला आहे, चालू वर्षाचं वाटप झालेलं असल्यामुळे केंद्र आता सुरू करता येणार नाही, पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करावा. मी पत्र आणि उत्तर दोन्ही छापून घेतलं आणि सकाळच्या एसटीने निघालो.

ताई सातऱ्यावर होत्या. डोक्याला, नाकाला ओढणी बांधलेली. मला पाहून त्यांनी ती सोडली नाही, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. आवारात शिरताच मला ठसका लागला आणि बराच वेळ बोलताच येईना. त्या थांबल्या. मग आम्ही भिंतीच्या सावलीला उभे राहिलो आणि मी सगळं सांगितलं. कागद दिले. त्यांनी ते वाचले नाहीत, घडी करून परत माझ्या हातात दिले.

‘‘म्हणजे मी रोज उघडत होती, हे तुमाले जानेवारीतच समजलं होतं.’’

‘‘हो.’’

‘‘अन् मी इथं बसून सहा दिवसवाली म्हणून ऐकून राहिली होती.’’

मी कागद पिशवीत ठेवायला लागलो.

‘‘मले एकटीले सांगून काय फायदा सर? मले तर पहिलेच माहीत होतं.’’ त्यांनी ढिगांकडे हात केला. ‘‘आता सुट्टी होईन जेवणाची. तिथं सांगा.’’

जेवायला पंचवीसतीस बायका कडुलिंबाखाली बसल्या. दोनतीन मुलं कडेवर, एक झोळीत. ताई माझ्याबरोबर आल्या नाहीत, त्या आपल्या डब्यापाशी जाऊन बसल्या. मी कागद उघडले आणि सुरुवात केली की दोन ठिकाणची सॉफ्टवेअर वेगवेगळी होती, तारीख लिहिण्याच्या दोन पद्धती असतात, एका पद्धतीत आधी महिना येतो.

एका म्हाताऱ्या बाईने भाकरी मोडता मोडता मला थांबवलं. ‘‘ते कम्पुटरचं तुमच्या घरी सांगजा गा. ताईनं रोज उघडलं का नाही उघडलं, तेवढं सांग.’’

‘‘अन् चुकलं कोण, तेही सांग,’’ मागून कोणीतरी म्हणालं. ‘‘मोघम नको.’’

मी कागदाची घडी केली.

‘‘ताईंनी रोज उघडलं,’’ मी म्हणालो. ‘‘सुट्टी सोडून एकही दिवस बंद ठेवलं नाही. सहा दिवस मी लिहिले. ते खोटे होते. ताईंनी मला रजिस्टर पाठवलं होतं, ते मी पाहिलं नाही. नंतर मला चूक कळली, तरी मी साडेतीन महिने लपवून ठेवली. तुमची मुलं इथे परत आली ती माझ्यामुळे, ताईंमुळे नाही. ताई, मी तुमची माफी मागतो. तुमच्या सगळ्यांचीही मागतो.’’