देवळातलं शिलाई मशीन

आमच्या वस्तीतल्या मारुतीच्या देवळात भजनी मंडळाच्या बायकांनी शिलाई मशीन मांडलंय. आरती झाली की शांताबाई मशीनच्या चाकाला हात लावून तो कपाळाला टेकवतात आणि कामाला बसतात. सुरुवातीला, महिनाभरात पुरेशी कामं आली नाहीत तर भाड्यानं आणलेलं ते मशीन परत जाणार होतं.

मी पडलो दानशूर! जुन्या कपड्यांचं गाठोडं त्यांच्यापुढे ठेवून म्हणालो, "गरजूंना वाटून टाका."

त्यांनी एक पँट उलगडली, माझ्या पोटाकडे पाहिलं. "कमरेत दोन इंच सैल करते. गुरुवारी न्या, दादा."

"अहो, हे दान आहे."

"दान मारुतीला करा. आम्हाला काम द्या."

बायका खुदकन हसल्या. मी मात्र ओशाळलो. घरातली अडगळ देवाच्या दारात टाकून मी आजवर किती पुण्य जमवलं असेल! देवापुढे हात जोडणाऱ्या या बायकांना माणसापुढे हात पसरायचा नव्हता, एवढंच.

पुढे घरातलं फाटकं संपलं, तेव्हा मी चांगल्या शर्टाची शिवण ब्लेडने उसवून नेली. शांताबाईंनी ती निरखून पाहिली.

"दादा, पुढच्या वेळी दोरा कात्रीनं कापा. ब्लेडनं कापड फाटतं."